काकाजींची गाडी आणि पोराचं फाउंडेशन

वणीकडे मे महिन्यात गॅरेजला येणाऱ्या तक्रारी ठरलेल्या: एसी, रेडिएटर, बॅटरी. त्यामुळे जिनिंगवाल्या काकाजींनी डिझेल हॅचबॅक दारात लावून "मिस्तरी, हे उभ्या जागी काहून थरथरते जी?" असं विचारलं, तेव्हा मलाही आधी इंजेक्टरच आठवले. पण शहरातल्या एका गॅरेजनं ते साफ करून बिलही घेतलं होतं. थरथर जशीच्या तशी. आरशात मागचा ट्रक दिसायचा, नंबर मात्र वाचता यायचा नाही.

मी रेस जराशी चढवून धरली. काटा मिनिटाला 1000 फेऱ्यांच्या पुढे गेला की गाडी शांत, 800 वर सोडली की स्टिअरिंगनं हाताला मुंग्या. इथंच संशय फाउंडेशनवर, म्हणजे इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं त्यांच्यावर गेला. चार सिलिंडरचं इंजिन एका फेऱ्यात दोन ठोके देतं, म्हणजे 800 ला सेकंदाला साधारण 27. मऊ रबरावर बसलेल्या इंजिनाची स्वतःची डोलण्याची लय याच्या बरीच खाली असते, म्हणून ठोके बॉडीपर्यंत फारसे पोचत नाहीत. रबर कडक केलं की ती लय वर चढते आणि आयडलच्या, म्हणजे रेस न देता चालू ठेवलेल्या इंजिनाच्या ठोक्यांना गाठते. बिल फाडायच्या आधी कुणी एवढी रेस धरून पाहिली असती तरी पुरलं असतं!

खाली शिरलो तर रबराच्या जागी लालभडक, कडक पॉलियुरेथेन. इंजिनकडचं, गिअरबॉक्सकडचं आणि खालच्या टॉर्क रॉडचं (इंजिनाचं झुलणं रोखणारी दांडी), तिन्ही. काकाजींना पत्ताच नव्हता. पुण्यात शिकणाऱ्या पोरानं कोईमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर, रेसिंग ट्रॅकवर, जायच्या आधी बसवून घेतलं होतं.

फोनवर पोरगा म्हणाला, "भाऊ, काढू नका ना. चांगले आहेत ते."

चांगलेच होते. आडव्या इंजिनाच्या गाडीत डिफरन्शियल (दोन्ही चाकांना जोर वाटून देणारे गिअर) गिअरबॉक्सच्याच पोटात असतं, त्यामुळे चाकांना जाणाऱ्या पूर्ण टॉर्कचा उलटा पीळ फाउंडेशनवर येतो. इंजिनाचे 200 न्यूटन-मीटर, पहिल्या गिअरचं एकूण गुणोत्तर 13 धरलं, तर झाले 2600. ट्रॅकवर दर वळणाला अॅक्सिलरेटर सोडायचा, दाबायचा. मऊ रबरावर तेवढ्या वेळा इंजिन आधी मागे-पुढे झुलणार, मग गाडी ओढणार. मी मारेगावच्या रस्त्यावर चक्कर मारली. पाय दाबला की गाडी त्याच क्षणी निघते, गिअर खटकन बसतो. खोटं कशाला बोलू, परत वळवायला जिवावर आलं.

पण रोज चालवणार काकाजी, कंबरेला पट्टा बांधून. कोळशाच्या ट्रकांनी उखणलेला रस्ता, त्यात डॅशबोर्डची खडखड, आणि हेडलाइट धरून ठेवणारा एक कान तुटलेला.

टॉर्क रॉडच्या रबरात कंपनी मुद्दाम फटी ठेवते. आयडलला बुश (रॉडच्या टोकातला रबरी गोळा) त्या फटीत सैल राहतो, जोर आला की फट मिटते आणि रबर घट्ट होतं. आमच्याकडचे निम्मे मिस्तरी ती फट पाहून 'रबर फाटलं' म्हणतात आणि ट्यूबचे तुकडे कोंबून देतात. मग गिऱ्हाईक थरथर घेऊन दुसऱ्या दारात. पोराच्या पॉलीनं तीच फट भरली होती, फक्त महागात.

तिन्ही जागी मूळ रबर चढवलं. इंजिनाखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅक, बोल्ट आधी हातानेच, जॅक काढून इंजिन मोकळं हलवलं, ते आपल्या जागी बसलं आणि मगच पाना आवळला. घाईत तिरपं आवळलं तर नवं रबरही पिळलेलंच राहतं. लाल माल पिशवीत घालून दिला. खालची रॉड ट्रॅकच्या आदल्या दिवशी बदलायला सोपी आहे, वरची दोन्ही मात्र मऊच ठेव, असं पोराला सांगितलं. "अर्धंच काम झालं मग," तो म्हणाला. त्याच्या बाजूनं तेही खरंच होतं.

काकाजींनी गाडी सुरू केली, आरशात पाहिलं आणि म्हणाले, "आमच्या ट्रॅक्टरलेही बसवून द्या ना जी हे रबर."

त्यांना ट्रॅक्टरजवळ नेऊन दाखवलं. पुढं अॅक्सल, मागं गिअरबॉक्स आणि मधे इंजिन, सगळं एकमेकांना थेट बोल्टनं जखडलेलं. इंजिन हीच चेसिस, रबर घालायला मधे जागाच नाही. म्हटलं, सीटची स्प्रिंग तेवढी बदलून देतो.