आमची वाटचाल: भिगवणचं पाणी, फ्लेमिंगो आणि आमची बांबूवरची होडी

भिगवणजवळ, उजनी धरणाच्या पाण्याकाठच्या कुंभारगावात आमचा पक्षी दाखवायचा धंदा आहे. होडी, गाइड आणि दुपारचं जेवण, तिन्ही घरचंच. आम्ही भोई, आज्याचं गाव भीमेच्या काठाला होतं ते उजनीच्या धरणात गेलं, मग त्याच पाण्यात वडलांनी जाळं टाकून आम्हाला मोठं केलं. चिलापी माशाला तेव्हा भाव काय मिळायचा ते काठावरच्या कुणालाही विचारा.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे कोथरूडचे एक काका, बँकेतून रिटायर झालेले. वडील जाळी काढायला निघाले की हे होडीत येऊन बसायचे, पैसे द्यायचे आणि एक शब्द बोलायचे नाहीत. पक्ष्यांची पुस्तकातली नावं त्यांनीच शिकवली मला, हा थापट्या, हे तलवार बदक, तो लांब तांबड्या पायांचा शेकाट्या. आमच्यासाठी तोवर सगळी बदकंच होती. त्यांची जुनी आठ बाय बेचाळीसची दुर्बीण त्यांनी मला दिली, तिचा पट्टा दोनदा शिवलाय पण काच अजून एक नंबर.

होडीत बदल पण त्यांच्यामुळेच झाले. बसायची फळी वडलांनी काढून पार तळाला टाकली, म्हणजे माणूस खाली बसतो आणि कॅमेरा पाण्याच्या लेव्हलला येतो, फोटो काढणाऱ्यांना कळेल मी काय म्हणतोय. होडीच्या काठावर लेन्स टेकवायला बीन बॅग, आत ज्वारी भरलेली, थर्माकोलच्या गोळ्या नाहीत, त्यावर लेन्स हलते. आणि लांब बांबू. उथळ पाण्यात वल्हं चिखलात रुततं, बांबू तळाला टेकवून हळू रेटायचा, टेकवताना आवाज झाला तर वडील अजून ओरडतात.

मधली काही वर्षं बरी गेली. सीझनला होडी रिकामी नसायची.

मग लॉकडाऊनच्या आधी बाहेरचा एक जण आला. नाव घेत नाही, इथल्या सगळ्यांना माहितीये. मोठी फायबरची बोट, मागं इंजिन, रेट आमच्या निम्मा, आणि जाहिरात काय तर उडणाऱ्या फ्लेमिंगोचा फोटो गॅरंटीनं. गॅरंटी कशी देणार, तर बोट सरळ थव्यात घालायची. आता फ्लेमिंगो काही चिमणी नाही, त्याला उडायला आधी पाण्यावरून पळावं लागतं, जीव काढून पंख मारावे लागतात, आणि तो इथं येतो ते खायला. चोच उलटी करून चिखलाचं पाणी गाळत बसतो दिवसभर. सकाळी तीन-चार वेळा उठवला की थवा करमाळ्याच्या बाजूला लांब जाऊन बसतो आणि परत जवळ येत नाही. बरं, नुकसान त्याचं एकट्याचं नाही, आमची गिऱ्हाईकं होडीत बसून म्हणायची, तुम्ही जवळ नेत नाही, ते नेतात. ऑनलाइन एक-एक स्टार दिले लोकांनी आम्हाला. वडलांनी बांबू सोडला नाही. मला त्या वेळी राग यायचा त्यांचा, पण इंजिन आम्ही लावलं नाही.

त्यात मार्च 2020, म्हणजे फ्लेमिंगोचा भर असतानाच सगळं बंद. होडी उपडी घालून ठेवली ती उन्हानं तडकली, मी गवंड्याच्या हाताखाली गेलो, वडील परत जाळ्यावर. धंदा संपला असंच घरात बोलणं होतं. तेव्हा काकांनी पुढच्या सीझनचे पैसे आधीच पाठवले, म्हणाले होडी नीट करून घे, मी येणार आहे. त्याच पैशात होडीचं काम झालं.

पुन्हा सुरू झाल्यावर आम्ही काठावरच्या होडीवाल्यांनी बसून ठरवलं की थवा दिसला की लांबच इंजिन बंद, पुढं बांबूनं. तो फायबरच्या बोटवाला बसला नाही आमच्यात. दोन सीझन राहिला आणि पक्षी त्याच्या बोटीला टिकेनात तसा गेला, जाताना भाकऱ्या करणाऱ्या बायकांचे पैसे बुडवून गेला. आणि आता व्हिडिओत सांगतो की कुंभारगाव मीच पुढं आणलं! आणलं ते इथल्या म्हाताऱ्या भोयांनी, उन्हात बांबू रेटून.

एक पाहुणा आला की गावात पैसा किती हातांत जातो बघा. होडीवाला, नाष्टा, चिलापी फ्राय, भाकरी, खोली, जीपवाला. म्हणून तर आज कुणी थवा बसतो त्या चिखलात बारीक आसाची, म्हणजे बारीक भोकांची जाळी लावायला गेला की आमची पोरंच अडवतात. शेजारी भादलवाडीच्या तलावावर चित्रबलाक करकोच्यांची घरटी असतात, तिथंही गावाचं लक्ष असतं. पण मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून इथं जे पाणी येतं त्याला आमची पोरं कशी अडवणार? उन्हाळ्यात हिरवंगार होतं, वास येतो. पुणे-पिंपरीकरांनो, इथं नुसते फोटो काढून जाऊ नका, तुमच्या नगरसेवकाला सांडपाण्याचं विचारा.

मे 2024 मध्ये उजनीच्याच पाण्यात कुगाव-कळाशीची प्रवासी बोट वाऱ्यात उलटली, सहा जण गेले. ती टुरिस्ट बोट नव्हती, पण पुढच्या सीझनला प्रत्येक फोनवर पहिला प्रश्न लाइफ जॅकेटचा. विचारलंच पाहिजे. आमच्याकडं होती आणि आहेत, लहान मुलांची वेगळी. फोटोला आडवं येतं म्हणून काढून ठेवणारे पण भेटतात, त्यांना आम्ही नेत नाही, पैसे परत.

आता येणाऱ्यांना सांगतो. तारीख ठरवायच्या आधी धरणाची टक्केवारी विचारा. धरण भरलेलं असलं की चिखल उघडा पडत नाही आणि फ्लेमिंगो उशिरा येतात, नाताळच्या सुट्टीत येऊन आमच्यावर चिडू नका. त्यापेक्षा फेब्रुवारीत या. पट्टकादंब हंस तर हिमालय ओलांडून आलेले असतात, तेही बघा, नुसतं गुलाबी-गुलाबी करू नका. कपडे मातकट रंगाचे घाला. सकाळी उजाडायच्या आत काठावर पाहिजे, कारण दहानंतर वारा सुटतो आणि बांबूवर होडी धरवत नाही. आणि जिथं कुठं जाल तिथं बुकिंग करताना एवढं विचारा, थव्याजवळ इंजिन बंद करता का. नाही म्हणाला तर कितीही स्वस्त असू दे, बसू नका त्याच्या बोटीत.