गो, वेन्ट, गॉन

परवा दुपारी एक ईमेल लिहीत बसले होते. कामाचाच, रुक्ष, चार ओळींचा. 'आवश्यक ती कागदपत्रं सोबत जोडली आहेत' एवढंच सांगायचं होतं आणि 'नेसेसरी'पाशी गाडं अडलं. सी एक की दोन? एस एक की दोन? बोटं कीबोर्डवर तशीच थांबली आणि तोंडातून आपोआप, जरा मोठ्यानेच निघालं: एन ई सी ई, डब्बल एस, ए आर वाय. चालीवर. 'डब्बल एस'वर आवाज चढवून. मानही त्या ठेक्यावर हलली असणार, कारण समोरच्या मुलीने कानातलं काढून विचारलं, "मॅडम, मला काही म्हणालात?"

तिला काय सांगणार! तिच्या शब्दाखाली लाल नागमोडी रेघ उमटते, ती त्यावर टिचकी मारते, शब्द सुधारतो. माझ्याही स्क्रीनवर ती रेघ उमटतेच की. पण तिच्यावर विसंबणं मला कॉपी केल्यासारखं वाटतं. शिवाय माझी अडचण वेगळी आहे. मला इंग्रजी स्पेलिंग दिसत नाही, ऐकू येतं. 'बिकॉज' लिहायचं तर बी ई सी ए, यू एस ई असे दोन घास लागतात, मध्ये श्वास. 'ब्यूटिफुल'चा पहिला अर्धा भाग उतरणीवरून धावत येतो, बी ई ए यू, आणि टी-आय-एफ-यू-एल पायऱ्या चढल्यासारखा एकेक. मध्येच कुणी टोकलं की संपलं, परत बी पासून. पाढ्यांचं होतं तसंच. तेरा सत्ते विचारलं की आम्ही तेरा एके तेरापासून निघणारे लोक.

ही चाल बाईंच्या चपलांची. इंग्रजीच्या बाई तासाला खुर्चीत कधी बसल्याच नाहीत. दारापासून मागच्या भिंतीपर्यंत, बाकांच्या दोन रांगांमधून, जाताना एक शब्द आणि येताना दुसरा. त्यांच्या चपलेचा फट फट आवाज हाच आमचा तबला. वळताना एक मात्रा जास्त पडायची. 'नेसेसरी'तला डब्बल एस बहुतेक भिंतीपाशी आला असावा.

आम्हाला इंग्रजी पाचवीत भेटलं. शब्दांच्या आधी भेटली ती चाररेघी वही. वर लाल, मध्ये दोन निळ्या, खाली लाल. तोवर दुरेघीवर आमचं बरं चाललं होतं. आपली अक्षरं रेघेला लोंबकळतात, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी. इंग्रजी अक्षरं रेघेवर पाय रोवून उभी राहतात. हा फरक तेव्हा कुणी सांगितला नाही, पण हाताला कळला होता. सुरुवातीचे कितीतरी दिवस माझे ए आणि ओ वरच्या निळ्या रेघेला चिकटून खाली पोकळीत लोंबायचे आणि बाई लाल पेनने त्यांच्या खाली छोटा बाण काढायच्या: 'खाली उतर.' सगळ्यात माजोरडा तो लपेटीतला एफ. वरच्या लाल रेघेपासून खालच्या लाल रेघेपर्यंत चारही रेघा त्याला लागायच्या. त्याचा खालचा फुगा मला आजही नीट जमत नाही. सहीत एफ नाही हे माझं नशीब.

मग धडे आले आणि धड्यांबरोबर ती चोरटी पेन्सिल. इंग्रजी ओळीच्या वर, बारीक अक्षरात, मराठी उच्चार. सगळे करायचे. 'द फार्मर वेन्ट टु द वेल' या ओळीच्या डोक्यावर तीच ओळ देवनागरीत बसलेली, जशी शिडीवर शिडी. बाई म्हणायच्या, खोडा ते, कुबड्या आहेत त्या. आम्ही खोडायचो. पण खोडरबरने शाई जात नाही आणि पेन्सिलही पुरती जात नाही. प्रकाशात पुस्तक तिरकं धरलं की दाबून लिहिलेल्या अक्षरांच्या खाचा दिसायच्या. वाचनाला नाव पुकारलं की पुस्तक तिरकं धरायचं आणि सफाईने वाचायचं. खिडकीकडच्या बाकावरच्या मुलांचं इंग्रजी भिंतीकडच्यांपेक्षा चांगलं होतं, त्याचं कारण हे.

जिथे पेन्सिलीचा आधार नसे तिथे आम्ही अक्षरं प्रामाणिकपणे वाचत असू. नेचरचं नाटुरे आणि फ्यूचरचं फुटुरे आमच्याही वर्गात झालं. नाइफचं क्नाइफ झालं तेव्हा बाई हसल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "के आहे, पण बोलत नाही. पाहुण्यांत एखादा बसतो ना गप्प, तसा." मला हे फार लागलं. बोलायचं नाही तर यायचं कशाला? पुढे कधीतरी वाचलं की तो के पूर्वी खरंच बोलायचा. जुन्या इंग्रजीत लोक चाकूला तोंडभरून 'क्नीफ' म्हणत. 1476 मध्ये कॅक्स्टनने इंग्लंडात छापखाना काढला, त्यानंतर छपाईने स्पेलिंगं हळूहळू जागच्या जागी बसवून टाकली, आणि उच्चार मात्र आपल्या वाटेने पुढे निघून गेले. म्हणजे क्नाइफ वाचणारं पोर चुकलं नव्हतं, उशिरा जन्मलं होतं. 'डेट' म्हणजे कर्ज, त्यातल्या बी ची गोष्ट तर याहून वाईट. तो कधी बोललाच नव्हता. हा शब्द लॅटिन 'डेबिटम'च्या घराण्यातला आहे हे दिसावं म्हणून विद्वानांनी तो मागाहून घुसडला. विद्वानांच्या हौसेपायी मी एका चाचणीत अर्धा मार्क घालवला आहे. हिशोब अजून मिटलेला नाही.

व्याकरणात पहिली मोठी ठेच 'डू'ची. 'डू यू नो' या वाक्यात मी डू चा अर्थ शोधत बसले होते. करणे? तू जाणणे करतोस का? बाई म्हणाल्या, त्याला अर्थ नाही, तो प्रश्न ढकलायला येतो. हे एक वेळ पटलं. पण भूतकाळात तोच डू 'डिड' होऊन आला आणि वर्गाची वाटच लागली. 'तो गेला नाही' याचं इंग्रजी करा. अख्ख्या वर्गाने एकमुखाने सांगितलं: ही डिड नॉट वेन्ट. चूक. ही डिड नॉट गो. का? गेला म्हणजे वेन्ट हे तुम्हीच सांगितलंत ना? माझ्या मागच्या बाकावरचा मुलगा, जो एरवी फक्त डबा खायला शाळेत येतो असं आमचं मत होतं, तो उभा राहून म्हणाला, "बाई, पण गेला नाही म्हटलं तरी 'गेला' तसाच राहतो. 'जातो नाही' कुठं होतं?"

बाई थांबल्या. चपलांचा आवाज थांबला. मग त्या म्हणाल्या, "इंग्रजीत एका वाक्यात भूतकाळ एकदाच उचलायचा. डिडने उचलला की गो मोकळा." आणि फट फट पुढे. हे उत्तर आता मला उत्तम वाटतं. तेव्हा वाटलं, बाईंनी टोलवलं. तो मुलगा खाली बसला, पण त्याला ते पटलं नव्हतं, हे त्याच्या त्यानंतरच्या सगळ्या उत्तरपत्रिकांत दिसत राहिलं.

तिन्ही रूपं मात्र आम्ही आवडीने पाठ केली. कारण त्यांना ताल होता. सिंग सँग संग, ड्रिंक ड्रँक ड्रंक, हे झांजा वाजवल्यासारखं. कट कट कट आणि पुट पुट पुट आले की वर्गाला ऊत यायचा. पूर्ण मार्क आणि मेहनत शून्य. ईट-एट-ईटन, गिव्ह-गेव्ह-गिव्हन, चाल बसते. पण गो वेन्ट गॉन? गो आणि गॉन एका आईची लेकरं दिसतात, मध्ये हा वेन्ट कोण? वहीत मी त्याच्याभोवती पेन्सिलीने चौकट केली होती, जणू तो चुकून आमच्या रांगेत उभा राहिला आहे आणि प्रार्थना संपली की आपल्या वर्गात परत जाईल.

अंदाज बरोबर होता. वेन्ट खरोखर दुसऱ्या घरचा. सेन्डचं सेन्ट, बेन्डचं बेन्ट, तसा वेन्ड नावाच्या क्रियापदाचा वेन्ट. गो चा स्वतःचा जुना भूतकाळ केव्हातरी मागे पडला आणि याने येऊन ती जागा धरली. हे कळल्यावर मी फार खुशीत होते. इंग्रजीची एक चोरी पकडल्याचा आनंद. तो आनंद दोनेक दिवस टिकला. मग एका संध्याकाळी भाजी निवडताना सहज मनात म्हणून पाहिलं, जातो, गेला. जातो. गेला. आणि हातातली जुडी तशीच राहिली. 'जा' चा 'गेला' कुठून होईल? ज चा ग? आपलं 'जातो' संस्कृतातल्या 'याति'कडून आलं आणि 'गेला' आला 'गत'कडून. दोन वेगळे धातू. म्हणजे आपल्याही घरात वेन्ट होताच, जन्मापासून मांडीवर खेळत होता. त्याच्याभोवती चौकट करावी असं कधी वाटलं नाही एवढंच. मागच्या बाकावरच्या त्या मुलाला हे सांगायला पाहिजे होतं.

शब्दार्थांबद्दल मात्र माझी तक्रार आहे. वहीचं पान मधोमध दुमडून डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी, शंभर शंभर. ब्लॅकस्मिथ म्हणजे लोहार, वुडकटर म्हणजे लाकूडतोड्या, ऑक्सन म्हणजे बैल, आणि तेही अनेकवचनी. आजवर मला इंग्रजीत एकाही लोहाराशी बोलायची वेळ आलेली नाही. 'जाऊ दे ना', 'राहिलं', 'असू दे' हे मात्र कुठल्याच पानावर नव्हतं, आणि आमचं निम्मं बोलणं त्यावर चालायचं. 'रुसणे'ला शब्द विचारला तेव्हा बाईंनी 'अँग्री' सांगितला. मी रुसले.

यू चं तर गुपितच आहे. तू म्हणजे यू, तुम्ही म्हणजे यू, आपण म्हणजेही यू, हे कळल्यावर आमच्या वर्गात जल्लोष झाला होता, आता इंग्रजीत बाईंना अरे-तुरे करता येणार म्हणून. प्रत्यक्षात उलट आहे. इंग्रजीतला 'तू' होता 'दाउ', तो बोलण्यातून जवळजवळ गेला. राहिला तो 'तुम्ही'. इंग्रज आपल्या कुत्र्यालाही 'तुम्ही बसा' म्हणतो आणि त्याला ते ठाऊकही नसतं.

बाईंच्या काही युक्त्या कोणत्याच पुस्तकात सापडायच्या नाहीत. पीस दोन आहेत, एक शांती, एक तुकडा, आणि दोघांची स्पेलिंगं वेगळी. आमचा गोंधळ ठरलेला. बाई फळ्यापाशी गेल्या, तुकड्याच्या पीसमधल्या पी, आय, ई या तीन अक्षरांखाली जाड रेघ मारली आणि म्हणाल्या, "वाचा." आम्ही वाचलं, पाय. "ज्याला पाय आहेत तो तुकडा, तो कुठंही पळतो. शांतीला पाय नसतात." त्यानंतर हा शब्द चुकल्याचं मला आठवत नाही. चाल नसूनही लक्षात राहिलेलं हे माझं एकमेव स्पेलिंग.

मागच्या वर्षी बाई गेल्या. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सकाळी एकाने मराठीत तेवढीच दोन शब्दांची बातमी टाकली आणि त्याखाली धडाधड 'रेस्ट इन पीस' यायला लागले. मी एकेक वाचत खाली गेले. अकरा होते. त्यातल्या तिघांच्या पीसला पाय होते. तिघांतला एक तो मागच्या बाकावरचा. त्याने खाली आणखी एक ओळ लिहिली होती, की मला कळलंच नाही, मी भेटायला गेलो नाही. इंग्रजीत लिहिली होती. आय डिड नॉट वेन्ट.

बोट त्या ओळीवर बराच वेळ ठेवलं होतं. खाजगीत निरोप पाठवावा का, पीस तेवढा बदल म्हणून? ग्रुपवर इतर लोकही आहेत, बाईंची मुलगी आहे. लिहून पाहिलं, पुसलं. बाई तासाला खुर्चीत कधी बसल्या नव्हत्या. असू देत पाय.