क्लॅम्प घट्ट, पाटे मोकळे : एका स्लीव्हपायी अडलेले काम

ऑफ-रोड गाडीच्या लीफ स्प्रिंगचे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगचे, क्लॅम्प बदलणे हे अवघड काम नव्हे. गाडी उचलणे, चाके काढणे, पाटे तारेच्या ब्रशने घासून स्वच्छ करणे आणि जुने क्लॅम्प सोडवणे, हे सारे माझ्याकडूनही विनासायास पार पडले. काम अडले ते बोटभर लांबीच्या एका पोलादी नळीपाशी. ती नळी लागतच नाही असे मला ठामपणे सांगणाऱ्या विक्रेत्याविषयीची चीड अजून ओसरलेली नाही, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

क्लॅम्प नेमके काय करतो, हे आधी पाहिले पाहिजे. खडकाळ वाटेवर एखादे चाक खड्ड्यावर लटकते, तेव्हा दोन चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्याच्या, म्हणजे अ‍ॅक्सलच्या वजनाने पाट्यांचा मध्य खाली ओढला जातो. मुख्य, म्हणजे सर्वांत लांब आणि वरच्या पाट्याची टोके मात्र चॅसिसला (गाडीच्या सांगाड्याला) धरलेली असल्यामुळे वरच राहतात आणि तो आपल्या खालच्या आखूड पाट्यांपासून सुटू लागतो. क्लॅम्प नसेल तर हा सगळा ताण एकटा मुख्य पाटा सोसतो आणि वाकतो किंवा मोडतो. शिवाय पाटे आडवे सरकून हातातल्या पत्त्यांसारखे पसरतात. याउलट स्प्रिंग दबते आणि उघडते तेव्हा प्रत्येक पाटा दुसऱ्यावरून लांबीच्या दिशेने सरकायलाच हवा. क्लॅम्पने पाटे चिमटून धरले, तर स्प्रिंग ताठर होते, चाक मोकळेपणाने खाली जात नाही आणि वाकण्याचा सारा ताण क्लॅम्पच्या कडेशी एकवटून पाटा तिथेच तडकू शकतो. म्हणून क्लॅम्पने पाटे एकमेकांपासून सुटू द्यायचे नाहीत, आडवे पसरू द्यायचे नाहीत, पण लांबीच्या दिशेने सरकू मात्र द्यायचे.

हे साधते ते स्लीव्हमुळे. क्लॅम्पची यू आकाराची पट्टी खालच्या आखूड पाट्याला रिव्हेटने (ठोकून पक्क्या केलेल्या खिळ्याने) बसवलेली असते, तिचे दोन कान पाट्यांच्या दोन्ही बाजूंनी वर येतात आणि मुख्य पाट्याच्या वरून एक आडवा बोल्ट त्या दोन कानांना जोडतो. या बोल्टवर, दोन्ही कानांच्या मध्ये, स्लीव्ह म्हणजे जाड पोलादी नळी असते. नट कितीही आवळला तरी कान स्लीव्हच्या टोकांवर दाबले जातात, पाट्यांवर नाही. बोल्ट पूर्ण ताणलेला राहतो आणि पाटे मोकळे राहतात.

मी मागवलेल्या नव्या क्लॅम्पच्या संचात पट्ट्या आल्या, बोल्ट आले, नट आले. स्लीव्ह एकही आली नाही. विचारणा केली तेव्हा उत्तर मिळाले की सगळे ग्राहक क्लॅम्प असेच बसवतात, नायलॉनचा लॉकनट (आत नायलॉनचे कडे असलेला, सहज न सुटणारा नट) दिला आहे, तो अर्धवट आवळून सोडून द्यावा. हा सल्ला चुकीचा आहे आणि तो सर्रास दिला जातो, याचाच मला अधिक राग आहे. स्लीव्हशिवाय नट पूर्ण आवळला तर कान आत झुकून पाट्यांच्या कडा धरतात. अर्धवट सोडला तर बोल्टमध्ये ताणच उरत नाही, आणि ताण नसलेला जोड आडव्या हादऱ्यांखाली हळूहळू सैल होत जातो. नायलॉनचे कडे नट गळून पडू देत नाही एवढेच, पण बोल्ट छिद्रात खडखडत छिद्र मोठे करतच राहतो. मी स्लीव्ह पाठवण्याचा आग्रह धरला, वाट पाहिली, पुन्हा आठवण दिली आणि अखेर जे पार्सल आले त्यात जास्तीचे वॉशर होते. तोवर गाडी चाकांविना स्टँडवर उभी होती. एवढ्या साध्या भागासाठी इतके ताटकळणे मला असह्य झाले आणि मी स्लीव्ह स्वतः कापायचे ठरवले.

तयार स्लीव्ह मिळत असली तरी मापे स्वतः घ्यावीत, असे आता मी प्रत्येकाला सांगेन. गाडीच्या नावावरून पाट्यांची रुंदी गृहीत धरू नये. जुन्या जीपचे पाटे पावणेदोन इंच म्हणजे ४४.४५ मिलिमीटरचे, तर नंतरच्या अनेक गाड्यांचे अडीच इंच म्हणजे ६३.५ मिलिमीटरचे असतात, आणि एकाच गाडीत पुढची व मागची रुंदी वेगळी असू शकते. क्लॅम्प जिथे बसणार आहे तिथला गंज खरवडून, पाटे सी-क्लॅम्पने (स्क्रूच्या शिकंज्याने) एका रेषेत आणून, मग व्हर्निअर कॅलिपरने (बारीक माप घेण्याच्या साधनाने) मोजावे. माझे पाटे ६३.५ मिलिमीटरचे होते. मी स्लीव्ह ६६ मिलिमीटर ठेवली, म्हणजे दोन्ही बाजूंना एक मिलिमीटरहून थोडी अधिक जागा राहिली. नळी जाड भिंतीची, बोल्ट तिच्यातून सहज पण फारसा न हलता जाईल अशी घेतली. हॅकसॉने कापल्यावर टोके कानशीने घासून गुण्याला लावून पाहिली, कारण टोक तिरके राहिले तर कानही तिरका बसतो. स्लीव्ह आणि मुख्य पाटा यांच्यामध्ये मी दोन ते तीन मिलिमीटर अंतर ठेवले. नट पूर्ण आवळल्यावर कान आणि पाटे यांच्यातून हॅकसॉचे पाते दोन्ही बाजूंनी अलगद फिरले, तेव्हा मनावरचे ओझे उतरले. स्वतः केलेल्या त्या स्लीव्हचा मला आजही अभिमान वाटतो.

रिव्हेटविषयी आधीच सांगायला हवे होते. जुन्या रिव्हेटचे डोके मधोमध पंच मारून, लहान ड्रिलपासून सुरुवात करून काढावे आणि ड्रिल पाट्याला लागू देऊ नये. पाट्यात नवे छिद्र पाडणे, पट्टी पाट्याला वेल्ड करणे किंवा पाटा तापवणे हे कटाक्षाने टाळावे. छिद्राच्या कडेपासून चीर सुरू होते आणि पोलादाला दिलेले पाणी, म्हणजे त्याचा कणखरपणा, उष्णतेने उतरतो.

स्टँड चॅसिसखाली लावले की अ‍ॅक्सल लटकतो आणि पाट्यांमध्ये फटी पडतात, म्हणून बोल्ट घालण्यापूर्वी अ‍ॅक्सलखाली जॅक लावून पाटे एकमेकांवर बसेपर्यंत तो वर घ्यावा. त्या वेळी पाट्यांच्या मध्ये बोटे नेऊ नयेत. बोल्टचे डोके टायरच्या बाजूला आणि नट आतल्या बाजूला ठेवावा, म्हणजे बाहेर आलेले आटे टायरची भिंत कापणार नाहीत. लॉकनट नवाच वापरावा. सायलेन्सरचा पाइप जवळून जात असेल तिथे नायलॉनऐवजी संपूर्ण धातूचा लॉकनट योग्य. नट आवळून झाल्यावर नट आणि कान यांच्यावरून रंगाची एक रेघ ओढावी. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला हे लगेच कळते.

मागच्या स्प्रिंगचा अ‍ॅक्सलच्या पुढचा अर्धा भाग विशेष महत्त्वाचा आहे. चाकांना जोर मिळताच अ‍ॅक्सल स्वतःभोवती फिरू पाहतो आणि तो पीळ मुख्यतः याच भागावर येतो, त्यामुळे तिथले क्लॅम्प बसवताना मी कोणतीही हयगय केली नाही. शेवटी एक चाक उंच चढवून, बोल्टचे डोके चॅसिसला किंवा ब्रेकच्या नळीला कुठे लागत नाही ना, हे तपासले. पहिल्या खडकाळ फेरीनंतर रंगाच्या सर्व रेघा जागच्या जागी होत्या आणि पाट्यांच्या कडांवर घासल्याची चकाकी कुठेही नव्हती.