ओळखू आली नाही

आक्का आज येऊन गेल्या. चहा झाला, वाड्याच्या जागी उठलेल्या अपार्टमेंटचं झालं, गुडघ्यांचं झालं, सूनबाईंचं अर्धवट झालं. उठताना खुर्चीच्या हातावर जोर देत म्हणाल्या, "झकास मिळाली गं तुला. कुठनं घेतलीस? अश्शीच होती आमच्यात, मामंजींची. आमची बदामी होती पण."

"माधवनगर रोडच्या एका गोडाऊनमधनं," मी म्हटलं. पुढचं तोंडाशी आलं होतं, तसंच परत गेलं.

तेव्हापासून डोक्यात तेवढंच आहे. त्यांना ओळखू आली नाही. लग्न होऊन आल्यापासून जी सोप्यात बघितली, जिच्यावरचे वाळलेले कपडे रोज उचलले, ती खुर्ची. तासभर तिच्यात बसल्या आणि ओळखू आली नाही.

मला मात्र त्या गोडाऊनमध्ये बघताक्षणी कळलं होतं. ढिगाच्या तळाशी होती, पाय वर करून. पुढे सनमायकाची कपाटं, फोमचे सोफे, पार्टिकल बोर्डची टेबलं. असला माल दर्शनी लावतात, कारण येणारं गिऱ्हाईक चकाकी बघतं. सागवान मागे, सगळ्यांच्या खाली. आणि उलटं पडलेलं असतं ते बरंच असतं, कारण मी कुठलीही वस्तू आधी उलटी करूनच बघते. वरून रंग असेल, वॉर्निश असेल, भेगांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असेल. बैठकीच्या खालच्या बाजूला कुणी ब्रश फिरवत नाही. तिथं लाकूड असेल तसं दिसतं. नखानं जरा खरवडायचं आणि वास घ्यायचा. सागाला कातड्यासारखा, किंचित तेलकट वास असतो, कितीही जुना असला तरी. मग भोकं बघायची. बारीक भोकं आणि त्यांतून झडलेलं पीठ म्हणजे भुंगा अजून आत आहे. सागाच्या गाभ्याला तो सहसा लागत नाही, बाहेरच्या फिक्या लाकडाला लागतो. शेवटी सांधे. खिळे नसून कुसू, म्हणजे एका लाकडाचं दुसऱ्याच्या भोकात बसवलेलं टोक, आणि लाकडी खुंट्या असल्या, फटीत काचेसारखा कडक झालेला तपकिरी सरस दिसला, की माझ्या छातीत धडधडायला लागतं. फेव्हिकॉल आला 1959 साली. त्याआधी, आणि नंतरही कितीतरी वर्षं, आपले सुतार जनावरांच्या कातड्या-हाडांचा सरस उकळून लावत. तो सरस म्हणजे ती वस्तू कुणीतरी निगुतीनं, हातानं केली होती.

हे सगळं मी जमिनीवर बसून करत असते तेव्हा मला दुसरं काही आठवत नाही. हे गेल्यापासून असं आणखी कुठं होत नाही.

"जळणात चालली होती ती," गोडाऊनवाला म्हणाला होता. एक हात लोखंडी पट्टीनं जखडलेला, बैठकीला वेताऐवजी खिळे मारलेली फळी, आणि सगळ्यावर चॉकलेटी ऑइल पेंट. घासाघीस केली नाही. रिक्षात माझ्या मांडीवर आडवी घेऊन आले.

तो चॉकलेटी पुरानंतरचा. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी 45. गावभागात खालचा मजला कुणाचा राहिला होता? पाणी ओसरल्यावर प्रत्येक दारापुढे फुगलेल्या प्लायवूडचे ढीग होते. आक्कांचा शोकेस त्यातच गेला, टीव्हीच्या कपाटाचे पापुद्रे सुटले. खुर्ची राहिली. सागाच्या अंगातच तेल असतं, पाणी त्यात सहज मुरत नाही. सरस मात्र पाण्यानं सुटतो, तसे तिचे सांधे सुटले. म्हणून ती पट्टी. त्या दिवसांत सुताराला दम होता कुठे, घराघरांतून बोलावणी. दिसेल ते ठोकून त्यानं वरून रंग मारून दिला. मी कोमट पाण्यानं उरलेला सरस सोडवून कुसू ओढलं तेव्हा भोकातून करडा, रेशमासारखा मऊ गाळ निघाला. कृष्णेचा.

चॉकलेटीच्या खाली बदामी निघाला. बदामीच्या खाली हिरवा, जुन्या दवाखान्याच्या दारांना असायचा तसला.

हे खालचे थर मी कोरडे घासत नाही, हे लिहून ठेवते कारण धाकटीनं परवा फोटो बघून विचारलं होतं. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असायचं. घरगुती रंगांत ते 90 पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांच्या, वर चालणार नाही, हा नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. बदामी आणि हिरवा त्याच्या कितीतरी आधीचे. म्हणून रंग ओला करून खरवडायचा, तोंडाला मास्क, खाली प्लॅस्टिक, आणि गॅसची ज्योत तर लावायचीच नाही. लाकूड उघडं पडल्यावर मग 80 नंबरचा पॉलिश पेपर, 120, 180, 220, नेहमी रेषेच्या दिशेनं. आडवा हात फिरला की ओरखडा राहतो आणि पॉलिश चढल्यावर तो आणखी ठळक होतो.

वेत विणून घेतला. पॉलिश लाखेचं. स्पिरिटमध्ये लाखेच्या पातळ पापुद्र्या रात्रभर विरघळवायच्या, गाळायच्या, कापसाचा बोळा मलमलीत बांधून हात फिरवत राहायचं. एकेक हात इतका पातळ, की काही झालंच नाही असं वाटतं. मिरजेला सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याला पॉलिश करणारे हात बघितले होते, त्यांच्याकडे बघूनच धीर आला होता.

एवढं करून ओळखू आली नाही.

धाकटी म्हणते, आई, ऑनलाइन घे ना, दोन दिवसांत घरी येईल. तिचं चुकत नाही. पण हे जे खांद्यापासून बोटांपर्यंत दुखतं, ते कुणाला दाखवायचं, असं आज संध्याकाळी वाटलं. बाल्कनीत एकटीनं बसून घासायचं, शिंकत बसायचं. आणि ज्या एका माणसानं बघून "अगंबाई, ही तर आमचीच" म्हणायला हवं होतं, ते माणूस कुठनं घेतलीस म्हणून विचारतं. रडू आलं मला. खुर्चीसाठी आलं की कशासाठी, ते

राहू दे.

जेवण झाल्यावर दिवा लावून पुन्हा बसले तिच्यापुढे. मी काय करते म्हणून लोकांना सांगते? वस्तूला तिचं मूळ रूप देते. आज वाटलं, मूळ कुणाचं? आक्कांनी या खुर्चीचं लाकूड कधी बघितलंच नव्हतं. त्या नवी नवरी म्हणून आल्या तेव्हा ती बदामी होती. गाडीत घालून विकली तेव्हा चॉकलेटी होती, तो रंग तर त्यांच्या ध्यानातही नाही. मामंजींना विचारता आलं असतं तर ते बहुतेक हिरवी म्हणाले असते. आणि हे सोनेरी लाकूड, याला मी खरं म्हणते, ते फक्त ज्या सुतारानं केलं त्यानं बघितलं आणि आता मी. शिवाय तेही असंच राहणार नाही. उजेडात साग हळूहळू गडद होतो, वर्षभरात ही वेगळीच दिसेल.

म्हणजे त्यांना ओळखू न येणं हे माझ्या कामावर ठेवलेलं बोट नव्हे. त्यांची खुर्ची बदामी आहे. ती त्यांच्याकडे आहे, व्यवस्थित आहे. तिच्यात मामंजी बसलेले आहेत.

आणि मी का बोलले नाही, तेही हळूहळू कळतंय. बोलले असते तर त्या म्हणाल्या असत्या, "असू दे गं, तुलाच." नाहीतर म्हणाल्या नसत्या. मग मला ती द्यावी लागली असती, आणि मला ती द्यायची नाही. ढिगाखालून मी काढली. गाळ मी काढला. हे लिहिताना हात अडखळत नाहीये, म्हणजे खरंच असणार.

दारात चपला घालताना आक्का आणखी एक बोलल्या होत्या. "अशी दुसरी दिसली तर बघ माझ्यासाठी. विश्रामबागच्या घरात प्लॅस्टिकच्या खुर्च्यांनी कंबर धरते. पण रंग देऊन दे हं. उघडं लाकूड मला बोडकं वाटतं."

तेव्हा मला ते लागलं होतं. आता नाही लागत.

त्याच गोडाऊनमध्ये आणखी एक हाताची खुर्ची बघून ठेवली आहे. आंब्याची आहे, म्हणून मी सोडली होती. पाठीच्या एका पट्टीला भुंगा लागलाय, बाकी सांगाडा घट्ट आहे, उंचीही आक्कांच्या गुडघ्यांना चालेल. ती पट्टी बदलायची, भोकांत औषध भरून काही दिवस प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवायची, लांबी भरून घासायची. आंब्याच्या लाकडावर ऑइल पेंट चांगला बसतो, त्यासाठी सागाला रंग फासावा लागणार नाही. आजवर कुठल्याही खुर्चीला मी ब्रशनं रंग दिलेला नाही; पण आपल्या ओळखीच्या पेंटरला विचारून घेईन, पहिला हात प्रायमरचा, मधे घासणी, मग दोन पातळ हात.

रंगाच्या दुकानात बदामी मागितला तर सतरा बदामी दाखवतील. खरवडलेल्या रंगाचा एक मोठा खपला मी डबीत ठेवलाय, हिरव्यासकट निघालेला. उद्या सकाळी तोच घेऊन जाते. गोडाऊन दहाला उघडतं, आधी खुर्चीचं ठरवायचं, मग रंग.