तुम्ही विचारलंत म्हणून: अमेरिकेत पिस्तुलांवर बंदी का घालत नाहीत?

पुण्याला आले की हा प्रश्न हमखास येतो. तिकडच्या एखाद्या शाळेतल्या गोळीबाराची बातमी ताजी असते आणि चहा गाळता गाळता मावशी विचारते, "इतकी पोरं जातात, मग सरळ बंदी का नाही घालत गं?" चहा संपेपर्यंत पुरेल एवढे लहान उत्तर मला कधी जमलेले नाही, म्हणून ते येथे लिहिते.

बंदी घालून झालेली आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मी राहते त्या उत्तर व्हर्जिनियातून पोटोमॅक नदी ओलांडली की वॉशिंग्टन लागते. त्या शहराने 1976 साली पिस्तुलांची नवी नोंदणी थांबवली, आणि नोंदणीवाचून पिस्तूल बाळगणे गुन्हा असल्यामुळे ती जवळजवळ पूर्ण बंदीच ठरली. डिक हेलर नावाचा सुरक्षा रक्षक सरकारी इमारतीत कामावर असताना पिस्तूल बाळगत असे, पण घरी ठेवण्यासाठी त्याला नोंदणी मिळेना. त्याच्या खटल्यात 26 जून 2008 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी ती बंदी रद्द केली.

वाद होता तो 1791 साली संमत झालेल्या दुसऱ्या घटनादुरुस्तीतल्या एका वाक्याचा. त्याच्या पहिल्या भागात सुव्यवस्थित नागरी सेनेची गरज सांगितली आहे आणि दुसऱ्या भागात लोकांचा शस्त्रे बाळगण्याचा हक्क. बहुमताच्या बाजूने लिहिणाऱ्या न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी हा हक्क व्यक्तीचा मानला, तर विरोधात मत देणाऱ्या न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी तो त्या सेनेशी बांधलेला मानला. पिस्तूलच का, याचे स्कॅलियांनी दिलेले एक कारण मला अजून आठवते: एका हाताने ते चोरावर रोखता येते आणि दुसऱ्या हाताने पोलिसांना फोन लावता येतो. मात्र हा हक्क अमर्याद नाही, हेही त्याच निकालात लिहिले आहे. 2010 साली तो राज्यांना आणि शहरांना लागू झाला. 2022 च्या निकालापासून तर कोणताही निर्बंध देशाच्या जुन्या परंपरेत बसतो का, हे पाहिले जाते, त्यामुळे वकील मंडळी अठराव्या शतकातले कायदे धुंडाळत बसतात. घटना बदलायची तर 50 पैकी 38 राज्यांची संमती लागते, म्हणजे 13 राज्ये अडून बसली की विषय संपला.

आपल्याकडे याच प्रश्नाचा निकाल वेगळा लागला. 1878 च्या शस्त्र कायद्याने भारतीयांना निःशस्त्र केल्याची सल मोठी होती आणि 1931 च्या कराची ठरावात काँग्रेसने नियमांच्या अधीन राहून शस्त्रे बाळगण्याचा हक्क मागितलाही होता. पण डिसेंबर 1948 मध्ये संविधान सभेत सदस्य ह. वि. कामत यांनी तो राज्यघटनेत घालण्याची सूचना मांडली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी विरोध केला. कोणीही बाजारात जाऊन हवे ते शस्त्र विकत घेऊ लागला तर राज्यकारभार कसा चालेल, असा त्यांचा मुद्दा होता. सूचना फेटाळली गेली. मावशीला बंदी इतकी सोपी वाटते, त्याचे मूळ बहुधा तिथे आहे.

मला स्वतःला शाळांतल्या गोळीबारापेक्षा दुसरीच गोष्ट अधिक छळते. 2021 साली अमेरिकेत बंदुकीने 48,830 माणसे मेली आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक, 26,000 हून जास्त, आत्महत्या होत्या. त्यांची बातमी पुण्यापर्यंत येत नाही. मरणाची ऊर्मी पुष्कळदा काही तासांत ओसरते, पण उशाशी पिस्तूल असेल तर तेवढा अवधीच मिळत नाही. म्हणून खरेदी आणि ताबा यांच्यामध्ये सक्तीचे काही दिवस असावेत, कॅलिफोर्नियात ते दहा आहेत, असे माझे मत आहे. आणि ते बंदीइतके अशक्यही नाही.

माझ्या शेजाऱ्याकडे पिस्तूल आहे. मुलीला त्यांच्याकडे खेळायला पाठवण्याआधी मी ते कुठे ठेवता, असे विचारले, तेव्हा त्याने जराही राग न मानता मला तिजोरी दाखवली. गोळ्याही वेगळ्या कुलपात होत्या. दहा दिवसांचे मात्र त्याला पटत नाही. मारहाण करणाऱ्या नवऱ्यापासून पळालेल्या बाईने ते दहा दिवस कसे काढायचे, असे तो विचारतो. त्याला पुरते उत्तर माझ्याकडे नाही, आणि तरीही माझे मत मी बदललेले नाही.