तुम्ही विचारलेत म्हणून : गोळीला कसे कळते?

गेली एकवीस वर्षे मी औषधाच्या दुकानात उभा आहे, आणि या काळात मला सर्वाधिक वेळा विचारला गेलेला प्रश्न असा : ‘दाढ सुजली तरी हीच गोळी, पायाची जखम चिघळली तरी हीच, मग कुठे जायचे ते गोळीला कळते कसे?’ पूर्वी मी ‘कळते तिला’ असे हसून म्हणत सुटे पैसे परत करीत असे. आता तसे म्हणवत नाही.

गोळीला काहीही कळत नाही. ती पोटात विरघळते, मुख्यतः लहान आतड्यातून रक्तात शिरते आणि रक्त नेईल तिकडे जाते. दुखऱ्या दाढेकडे जाते तशीच न दुखणाऱ्या गुडघ्याकडेही. अशा वेळी नेहमी दिले जाणारे ॲंटिबायोटिक, अमॉक्सिसिलिन, जिवाणूंच्या पेशीभित्तिकेची, म्हणजे पेशीभोवतीच्या भिंतीची, बांधणी रोखते. आपल्या पेशींना तशी भित्तिकाच नसल्यामुळे आपण सुटतो, पण आतड्यातले उपयोगी जिवाणू सुटत नाहीत, म्हणून तिसऱ्या दिवशी तुम्ही जुलाबाची तक्रार घेऊन येता. पू साठलेल्या गळवाच्या आत रक्तच नीट पोहोचत नाही, त्यामुळे औषधही पुरेसे पोहोचत नाही. डॉक्टर तिथे चीर देतात ती हौसेने नव्हे. शिवाय रक्तात पोहोचलेले औषध शरीरात फार वेळ टिकतही नाही. 1941 साली ऑक्सफर्डमध्ये अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाला अमॉक्सिसिलिनच्याच कुळातले पेनिसिलिन दिले, तेव्हा ते लघवीवाटे इतक्या झपाट्याने बाहेर पडत होते की डॉक्टरांनी ते लघवीतून वेगळे काढून त्यालाच पुन्हा टोचले. तो सुधारत होता. साठा संपला आणि तो दगावला. ‘आठ तासांनी एक’ हे आम्ही पाकिटावर लिहितो, त्यामागे हे वाहून जाणे आहे.

एवढे सगळे मला पाठ होते, आणि तरीही चूक झाली ती माझ्याच घरात. आईला लघवीला जळजळ होऊ लागली, डॉक्टरांनी सिप्रोफ्लॉक्सासिन हे ॲंटिबायोटिक लिहून दिले. हाडांच्या डॉक्टरांनी दिलेली कॅल्शियमची गोळी तिला आधीपासूनच चालू होती. आईचा विसराळूपणा लक्षात घेऊन मी मोठ्या मायेने कप्प्यांचा डबा आणला आणि सकाळच्या कप्प्यात दोन्ही गोळ्या शेजारी शेजारी ठेवल्या. कॅल्शियम किंवा लोहाशी सिप्रोफ्लॉक्सासिनची पोटातच जोडगोळी जमते आणि औषधाचा बराच भाग रक्तात शिरतच नाही. म्हणून ते कॅल्शियमच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यायचे असते. हे मी कितीतरी गिऱ्हाइकांना सांगितले होते. चौथ्या रात्री आई थंडीतापाने थडथडू लागली, तिची पाठ एका बाजूला दुखू लागली. संसर्ग मूत्रपिंडात पोहोचला होता. रुग्णालयात एका तरुण डॉक्टर मुलीने सहज विचारले, ‘याच्याबरोबर आजी आणखी काय घेतात?’ मी पिशवीतून डबा काढला, आणि त्याचे झाकण उघडताना मला जे वाटले ते कुणाला सांगावेसे वाटत नाही. तिने डबा पाहिला, काही न बोलता कागदावर लिहून घेतले आणि शिरेतून दुसरे औषध सुरू केले. आई सहा दिवस तिथे होती.

औषध मी लिहून दिले नव्हते, आणि दोन डॉक्टरांनी एकमेकांचे कागद पाहिले नव्हते, हे खरे आहे. पण दोन्ही पाकिटे एकाच वेळी ज्याच्या हातात होती असा माणूस मी एकटाच होतो, हेही तितकेच खरे आहे. तेव्हा मी स्वतःशी वाद घातला की सिप्रोफ्लॉक्सासिन रक्तापेक्षा लघवीत कितीतरी पट साठते, त्यामुळे निम्मे शोषले गेले असते तरी मूत्राशयापुरते भागले असते. कदाचित पहिल्या गोळीआधीच संसर्ग वर चढला असेल. हा मुद्दा मला आजही चुकीचा वाटत नाही. मात्र कल्चरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत जिवाणू वाढवून केलेल्या तपासणीत, आलेले जिवाणू सिप्रोफ्लॉक्सासिनने मरणारेच निघाले, आणि तो कागद समोर ठेवला की माझा वाद लंगडा पडतो. रुग्णालयातल्या त्या तरुण डॉक्टरांना मी नेमके कारण विचारले होते. ‘सांगता येत नाही,’ असे त्या म्हणाल्या.

तेव्हापासून कुणी ॲंटिबायोटिकची चिठ्ठी पुढे केली की मी आधी विचारतो : आणखी काय घेता? ॲसिडिटीचे पातळ औषध, रक्तवाढीची गोळी, कॅल्शियम? मागे रांग असते, लोक वैतागतात, आणि परवा एक गृहस्थ ‘तुम्ही गोळ्या द्या, चौकशा नकोत’ म्हणून समोरच्या दुकानात निघून गेले.