मुलाचा घोळणा सारखा फुटायचा – माझा अनुभव

गेल्या डिसेंबरपासून माझ्या मुलाचा घोळणा सारखा फुटत होता. वय 11. आम्ही राहतो धायरीला, समोरच बिल्डिंगचं काम चालू, धूळ तर विचारूच नका, आणि त्यात पुण्याची कोरडी थंडी, ओठ फुटतात टाचा फुटतात तसंच नाकाचंही होत असेल म्हणून मी खोबरेल तेलाचं बोट फिरवायचे आणि कामाला लागायचे. सासूबाई कांदा फोडून हुंगायला द्यायच्या, डोक्यावर गार पाणी मारायच्या, मान मागे करून आडवं करायच्या. थोड्या वेळाने थांबायचं, म्हणून आम्हाला वाटायचं कांद्यानेच थांबलं. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनीही उष्णता आहे, सब्जा द्या एवढंच सांगितलं.

फेब्रुवारीत एका रात्री घोळणा फुटला, नेहमीसारखं त्याला आडवं केलं आणि थोड्याच वेळात तो उठून बेसिनकडे धावला, भडाभडा उलटी झाली, सगळी काळपट लाल. माझे हातपायच गळाले. तसंच गाडीत घालून कॅज्युअल्टीला नेलं. तिथल्या सिस्टरने आधी त्याला ताठ बसवलं, मान पुढे झुकवली, तोंडाने श्वास घे म्हणाल्या, तोंडात येईल ते थुंक, गिळू नको. मान मागे केल्यामुळे रक्त घशातून पोटात गेलं होतं आणि तेच उलटून पडलं होतं. मी नाक धरायला गेले तर म्हणाल्या, "ताई, तुम्ही हाड दाबताय, तिथे दाबून काही होत नाही, खालचा मऊ भाग दोन्ही बाजूंनी चिमटीत धरा आणि 10 मिनिटं सोडायचं नाही, मधे उघडून बघायचंही नाही." समोर भिंतीवर घड्याळ होतं. 3 मिनिटं झाली आणि माझी बोटं आपोआप सैल व्हायला लागली, तेव्हा कळलं की घरी मी इतके दिवस काय करत होते. दर दोन मिनिटांनी बघायचं, आत गोठायला लागलेलं परत सुटायचं.

त्यानंतर कालनिर्णयवर लिहायला लागले, किती वाजता, कुठली नाकपुडी, किती मिनिटं. तीन आठवड्यांत 9 वेळा आणि प्रत्येक वेळी उजवी. हे घेऊन कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी खूप विचारलं, हिरड्यांतून रक्त येतं का, न लागता काळेनिळे डाग पडतात का, घरात कोणाचा दात काढल्यावर रक्त थांबायला त्रास झाला होता का, कुठली औषधं चालू आहेत. तेव्हा मी सांगितलं की धुळीच्या ॲलर्जीसाठी नाकात मारायचा स्टेरॉइडचा स्प्रे चालू आहे. ते मुलाला म्हणाले, कसा मारतोस दाखव बरं. त्याने उजव्या हाताने उजव्या नाकपुडीत बाटली धरली आणि टोक बरोबर मधल्या पडद्याकडे. रोज फवारा त्याच जागेवर बसत होता! पडद्याच्या पुढच्या भागात बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं, बहुतेक घोळणे तिथूनच फुटतात. उजवीकडे मारायचं तर डाव्या हाताने, टोक बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या कोपऱ्याकडे. हे मला आधी कोणीच सांगितलं नव्हतं, म्हणून मुद्दाम एवढं लिहितेय.

सीबीसी, प्लेटलेट, रक्त गोठण्याच्या टेस्ट सगळ्या नॉर्मल. दुर्बिणीनेही आत बघितलं, कारण वयात येणाऱ्या मुलांमध्ये एकाच बाजूने सारखं रक्त येत असेल आणि ती बाजू चोंदलेलीही राहत असेल तर आत गाठ नाही ना हे बघावंच लागतं. ते ऐकून पोटात गोळा आला होता, पण काही निघालं नाही. मग सलाइनचे ड्रॉप आणि मलम, स्प्रे तात्पुरता बंद. तरी दोनदा फुटलाच, म्हणून मार्चमध्ये ती जागा डागली. नाव ऐकून तो घाबरला होता, पण आधी औषधाचा बोळा ठेवून नाक बधिर केलं आणि सिल्व्हर नायट्रेटची काडी काही सेकंद टेकवली, पांढरा ठिपका पडला, डोळ्यातून पाणी आलं, शिंका आल्या, झालं. दोन्ही बाजू एकदम डागत नाहीत, पडद्याला भोक पडायची भीती असते. नंतर जोरात शिंकरायचं नाही, खपली काढायची नाही, गरम चहा-दूध एक दिवस बंद.

डॉक्टरांनी दिलेली यादी फ्रीजवर लावलीय. 10 मिनिटं नीट दाबून थांबलं नाही तर परत 10, तरी चालूच राहिलं तर सरळ हॉस्पिटल. धार लागली, चक्कर आली, चेहरा पांढरा पडला, श्वासाला त्रास झाला किंवा डोक्याला मार लागून रक्त आलं तर वाटच बघायची नाही, 108. सासऱ्यांना रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे, त्यांना झालं तरी थांबायचं नाही, पण गोळी आपल्या मनाने बंदही करायची नाही.

जूनमध्ये शाळेत एकदा फुटला. बाईंचा फोन आला तेव्हा तो बाकावर पुढे वाकून नाक धरून बसला होता आणि कांदा आणायला निघालेल्या मावशींना हाताने नको नको म्हणत होता. मी पोचेपर्यंत थांबलं होतं. 12 मिनिटं, त्याने स्वतःच मोजली होती.